अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण घरोघरी हसत-हसत वापरली जाते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे दुखणे खरोखरच तशा जागेचे असले, की तो ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. आई ओवा देते आणि रात्र निघून जाते.

ही रात्र फार महाग पडू शकते. वृषण ज्या नाडीला लोंबकळत असते, तिला कधीकधी अचानक पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. १२ ते १८ या वयात हे अधिक आढळते. एकाएकी असह्य कळ, मळमळ, उलटी, मागाहून सूज. साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते. २४ तास उलटले की बहुतेकदा काढूनच टाकावे लागते. म्हणून ‘तिथे दुखलं तर मध्यरात्रीही उठव’ हे वडिलांनी मुलाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुखणे पिळाचे की जंतुसंसर्गाचे, हे कलर डॉपलर सोनोग्राफीत कळू शकते. पिळात रक्तप्रवाह मंदावतो किंवा थांबतो, संसर्गात उलट वाढतो. त्वचेवर जेल लावून यंत्राचा प्रोब फिरवायचा, बस्स. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मात्र पीळ अर्धवट असेल तर थोडा प्रवाह दिसतोही. त्यामुळे लक्षणे स्पष्ट असली, तर सर्जन सोनोग्राफीसाठी न खोळंबता शस्त्रक्रिया करतात, आणि तेच योग्य.

न दुखणारी सूज तर वर्षानुवर्षे धोतराआड, पँटीआड लपवली जाते. हायड्रोसीलमधले पाणी पडद्यावर काळे दिसते. वृषणाच्या आतली घट्ट गाठ मात्र कर्करोगाची असू शकते, तीही ऐन तारुण्यात. वेळीच सापडली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. विदर्भाला हत्तीरोग नवा नाही. त्याचे जिवंत जंत अंडकोशातील लसिकावाहिन्यांत वळवळताना सोनोग्राफीत दिसतात, असे ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. या वळवळीला डॉक्टर ‘नाच’ म्हणतात!

एवढे असूनही सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, अशीच अनेकांची समजूत. केंद्राच्या बाकावर बायकांच्या रांगेत बसलेला पुरुष हातातली चिठ्ठी उलटी धरतो. नाव पुकारताना तपासणीचे नाव मोठ्याने घेतले नाही, तरी त्याचे अर्धे ओझे उतरेल.