स्वस्त तिकिटाचा हिशेब

मैत्रिणींनो, लेकीचं बाळंतपण जर्मनीत, स्टुटगार्टला, म्हटल्यावर आईचा पाय घरात ठरतो का? जायचं पंधराच दिवस, पण पैसे भिशीतले. हिशेब तर करायलाच हवा!

मी मुंबई-फ्रँकफर्ट विमान धरलं. विमानतळालाच लागून स्टेशन आहे. तिथून वेगवान गाडीनं स्टुटगार्ट सव्वा-दीड तासावर. हे म्हणाले, "रेल्वेचं सर्वांत स्वस्त तिकीट काढ." पण खरी मेख तिथेच आहे! तिथलं ते 'श्पारप्राइस' तिकीट नेमक्या एकाच गाडीचं असतं. ते वेगळं काढलं आणि विमानाला उशीर झाला, तर गाडी गेली नि पैसेही गेले.

म्हणून मी विमान कंपनीकडूनच 'रेल अँड फ्लाय' तिकीट जोडून घेतलं. थोडं महाग पडलं खरं, पण उतरल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळेल ती गाडी पकडता येते.

तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढं जरूर विचारा: पुढची गाडी चुकली, तर भुर्दंड कोणाला? परक्या स्टेशनावर सामान सांभाळत एकटीनं बसण्याची धास्ती वहीत लिहीत नाहीत, पण बायांनो, तीही खर्चातच धरावी!