वखार, वाघ आणि एक लेन्स

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्याचे रूप पालटते. काळ्या जमिनीवर बोंडे फुटतात, बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि जिनिंगच्या अंगणात पांढऱ्या गंज्या उभ्या राहतात. सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते, पण थोडी रुई हवेतच राहते. ती चष्म्यावर बसते, भुवयांवर बसते, उघड्या खातेवहीवरही बसते. कॅमेरा घेऊन या मुलखात फिरणाऱ्याने पहिला विचार या तंतूंचा करावा. लेन्स बदलण्यासाठी कॅमेऱ्याचे तोंड उघडले की तंतू आणि काळ्या मातीची धूळ आतल्या सेन्सरपर्यंत पोहोचते. मग टिपेश्वरच्या आकाशातही तोच डाग आणि मुक्तागिरीच्या आकाशातही तोच. मोठ्या शहरांतील जाणकार सर्वोपयोगी झूम लेन्सला कितीही नावे ठेवोत, आपल्याकडे प्रवासात एकच लेन्स चढवून ठेवणे हा सरळ फायद्याचा व्यवहार आहे.

ती कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र वाघामुळे अवघड होतो. १९९७ साली घोषित झालेले टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याजवळ आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नव्हे, पण त्याची कीर्ती दूरवर गेली आहे. येथेच जन्मलेला आणि पुढे ‘वॉकर’ या नावाने ओळखला गेलेला तरुण वाघ २०१९ मध्ये १३०० किलोमीटरांहून अधिक भटकंती करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. तेव्हापासून आमच्या नात्यातील ज्या ज्या तरुणाने कॅमेरा घेतला, त्याने पहिला प्रश्न एकच विचारला: “काका, यात वाघ जवळ येईल ना?” दुकानदारही तेच ओळखून १८-४०० मिलिमीटरची लेन्स पुढे करतो.

येथे थोडा हिशेब मांडू. आपल्या घरांतून दिसणारे बहुतेक कॅमेरे लहान सेन्सरचे, म्हणजे साधारण २३.५ मिलिमीटर रुंद सेन्सरचे असतात. जिप्सीपासून ३० मीटरवर वाघ आडवा उभा आहे असे समजा. १४० मिलिमीटरवर चौकटीत सुमारे ५ मीटर रुंदीचे दृश्य मावते. शेपूट सोडून वाघ साधारण २ मीटर लांब धरला, तर तो चौकटीचा दोन पंचमांश भाग व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची रुंदी ६००० बिंदूंची असते, म्हणजे एकट्या वाघाच्या वाट्याला २४०० बिंदू येतात. उत्तम प्रतीची ८ इंच रुंद छपाई त्यातून सहज निघते, आणि दिवाणखान्यातल्या चौकटीला तेवढी पुरे. याच अंतरावर ४०० मिलिमीटर लावले तर दृश्याची रुंदी पावणेदोन मीटर उरते, म्हणजे वाघच चौकटीबाहेर जातो. वाघ ६० मीटरवर असेल तर ४०० ची बाजू वरचढ ठरते, हे मान्य. पण त्या टोकाला एवढ्या लांब पल्ल्याची लेन्स एफ ६.३ एवढीच उघडते. एफ ३.५ च्या तुलनेत प्रकाश जेमतेम एक तृतीयांश. पहाटेच्या सागवनात तो अपुरा पडतो. लेन्समधील कंप-निवारणाची सोय आपल्या हाताचा थरकाप सावरते, चालत्या वाघाला थांबवत नाही.

आणि वाघ दिसेलच याची हमी कोण देतो? घरातली माणसे मात्र रोज दिसतात.

आमची दारव्ह्याची वखार येत्या उन्हाळ्यात उतरवली जाणार आहे. भावाभावांची वाटणी गोडीने झाली, जागा विकली गेली, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण आजोबांची गादी, लाकडी गल्ला, भिंतीवरचे काट्याचे लोखंडी आकडे आणि दारात उन्हाला बसलेल्या काकीजी हे सर्व एका चित्रात यावे, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे. गादीची खोली जेमतेम ४ मीटर खोल. १८ मिलिमीटरवर भिंतीला पाठ टेकून उभे राहिले की सव्वापाच मीटर रुंदी मावते, म्हणजे गादी, गल्ला आणि तीन पिढ्या. २८ मिलिमीटरवर ती सव्वातीन मीटरांच्या थोडीच पुढे जाते, आणि टोकाचा माणूस कापला जातो. म्हणून लेन्सवरील पहिला आकडा दुसऱ्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा, असे माझे मत आहे. जुन्या बाजारात २८-२०० च्या लेन्सेस पुष्कळ आणि स्वस्त मिळतात. टॅमरॉनने १९९२ साली अशी लेन्स आणली तेव्हा फिल्मच्या कॅमेऱ्यांवर ती खरोखर सर्वोपयोगी होती. लहान सेन्सरवर तिची रुंद बाजू हरवते. स्वस्ताच्या मोहात ती घेऊ नये.

याच दारव्ह्यातून शकुंतला रेल्वे जात असे. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा मार्ग मुख्यतः कापसासाठी टाकला गेला, आणि १९९४ पर्यंत ती गाडी वाफेच्या इंजिनावर चालली. आमच्या घराण्याच्या कित्येक गाठी तिने वाहून नेल्या. घरात तिचे एकही छायाचित्र नाही. हिशेबाच्या वह्या आहेत, हुंड्या आहेत, लग्नपत्रिका आहेत, गाडी नाही.

तेव्हा माझी शिफारस मधल्या पल्ल्याची: निकॉनवर १८-१४०, कॅननवर १८-१३५, आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर याच घराण्यातील १८-१४० किंवा १८-१५०. आरशाच्या कॅमेऱ्याची निकॉन १८-१४० सुमारे ४९० ग्रॅम भरते, टॅमरॉनची १८-४०० सुमारे ७१० ग्रॅम, आणि नव्या पद्धतीच्या निकॉन व कॅननच्या लेन्सेस तर ३१५ ग्रॅमच्या आतबाहेर. मुक्तागिरीच्या पायऱ्या एकदा गळ्यात कॅमेरा अडकवून चढून पाहाव्यात, म्हणजे या फरकाचा अर्थ कळतो. नव्या १८-४०० च्या किमतीत जुनी १८-१४० आणि एफ १.८ ची ५० मिलिमीटर लेन्स दोन्ही येतात. ही छोटी लेन्स घरी ठेवावी, आणि जेथे अंधार निश्चित आहे तेथेच न्यावी. कळंबच्या चिंतामणी मंदिरात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. कारंजा लाडच्या जुन्या मंदिरांत दुपारीही मंद उजेड असतो. एफ ५.६ च्या मानाने एफ १.८ जवळजवळ दहापट प्रकाश घेते, त्यामुळे फ्लॅशची गरजच राहत नाही. गाभाऱ्यात कॅमेरा बंद ठेवायचा, हे या वाचकांना सांगणे नलगे.

एक गोष्ट ओघात. फिल्मच्या थरात जिलेटिन असे, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले. डिजिटल कॅमेऱ्याने तो प्रश्न मिटवला. पट्टा व पिशवी तेवढी चामड्याची नाही ना, हे पाहून घ्यावे. कापडी पट्टा उन्हाळ्यात मानेलाही बरा.

जुनी लेन्स घेताना दुकानाच्या दारात उजेडाकडे धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तेथेच सोडावा. लेन्स खाली तोंड करून धरावी. नळी आपोआप घसरत असेल तर आतील घट्टपणा गेला आहे. वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून दोन्ही टोकांना एकेक चित्र काढावे आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे वाचून पाहावीत. कॅमेऱ्याचे अंग बरोबर न्यावेच. निकॉनच्या काही लहान अंगांत फोकसची मोटार नसते, तेथे जुन्या पद्धतीच्या लेन्सेस हातानेच फिरवाव्या लागतात. पुढे पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवावी. सहस्रकुंडाला पैनगंगेचे तुषार उडतात आणि जिनिंगमध्ये तंतू, म्हणून नळी आत घेण्यापूर्वी मऊ कापडाने पुसावी. झूमची नळी मागे-पुढे होताना बाहेरची हवा आत ओढते.

वखारीचे चित्र डिसेंबरात काढायचे ठरले आहे. त्या दिवसांत सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि काकीजींचे जेवण त्यापूर्वी आटोपलेले असते. सोनेरी उजेड आणि त्यांचे ताट एकाच वेळेला येतात, हा पेच आहे खरा. साडेचारला ऊन दारातून तिरपे आत येते, गादीपर्यंत पोहोचते. सगळ्यांना चार वाजता बोलावले आहे.