चौथ्या तासाचे नमस्कार

आमचे आजोबा आटपाडीच्या शाळेत शिकले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांमध्ये आणले होते. पुढे संस्थान गेलं, आजोबांचे नमस्कार राहिले. सांगलीत त्यांनी ते आम्हा नातवंडांच्या मागे लावले. घाम आल्याशिवाय चहा नाही, हा घरचा कायदा.

सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं. नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, ते चालवणारे भाऊसाहेब पडसलगीकर होते, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे इथूनच पुढे गेल्या. मुलगी पटाशी बसली तर कुणाला नवल वाटत नसे. पण तालमीत जाणारे निराळे आणि बुद्धिबळवाले निराळे, असंच सगळे धरून चालत. बुद्धिबळवाला म्हणजे पाठीला पोक आणि हाताशी चहाचा कप.

१९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत कारपोव-कास्पारोव लढत सुरू झाली. सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. कारपोवनं पाच जिंकले आणि सहावा काही केल्या येईना. बरोबऱ्यांवर बरोबऱ्या; ४८ डावांनंतर, फेब्रुवारी १९८५ मध्ये, लढत निकालाविनाच थांबवली. तोवर कारपोव पार वाळला होता. आजोबांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "त्याला नमस्कार घालायला सांगा."

आम्ही हसलो. पुढे मी बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धा खेळायला लागले तेव्हा त्यातलं मर्म समजलं. चौथ्या तासाला डोक्याआधी कंबर कुरकुरते. मग पाय अस्वस्थ होतात, छाती धडधडते, आणि हाताला प्यादं ढकलून मोकळं व्हायची घाई होते. ती चाल बरी नाही हे दिसत असतं. दुसरी शोधायची इच्छाच उरलेली नसते. नमस्कारांनी मला एकही चाल सुचवली नाही. घोडा कुठे न्यायचा ते अभ्यासानंच कळतं. पण 'आता पुरे' वाटण्याची ती वेळ त्यांनी लांबवली. दमसासाचा व्यायाम असला की ताणानं वाढलेले ठोके लवकर खाली येतात, रात्री झोप गाढ लागते. आठवडाभराच्या स्पर्धेत निम्मं काम ती झोपच करते, असं माझं मत.

बुद्धिबळपटू दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतात, असं हल्ली कुठंकुठं छापून येतं. मला ते पटत नाही. मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा खातो, पण विचार केल्यानं तो खर्च थोडाच वाढतो. खुर्चीत बसून कुणी मॅरेथॉन धावत नाही. थकवा मात्र खरा असतो. २०२१ मध्ये दुबईत जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चाली, पावणेआठ तास चालला. पहिले पाच बरोबरीत सुटले होते. हा कार्लसननं घेतला. त्यानंतरच्या पाचांत नेपोम्नियाची तीन हरला, एकदा तर आपलाच उंट आपल्या हातानं अडकवून बसला. मनाचा धक्का किती आणि शरीराचा शिणवटा किती, हे कोण वेगळं काढणार? पण कार्लसन फुटबॉल, व्यायाम सोडत नाही, ते उगाच नसावं.

माझे नमस्कार अजून चालू आहेत, गुडघे कुरकुरतात म्हणून सावकाश. भाचा मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो. तिथे दमसासाला कोण विचारतो? आयुष्यात एक नमस्कार न घातलेला तो मुलगा वेफर्स खात खात मला बिनदिक्कत हरवतो. मी त्याला लांब डावाला बसायला सांगते, तर म्हणतो, "मावशी, एवढा वेळ कोण बसणार?"