वीस अक्षरांची पारख

डीएनएची वीस-बावीस अक्षरं मागवायला फारसे पैसे पडत नाहीत. कंपनीच्या साइटवर क्रम टाकायचा, ऑर्डर द्यायची. काही दिवसांत कुरिअरने छोट्या नळ्या येतात, तळाशी धड दिसतही नाही एवढी सुकलेली पूड. हेच प्रायमर. ते चुकीचे निघाले तर पैशांपेक्षा आठवडे वाया जातात. पीसीआर लावा, जेल चालवा, बँड नाही म्हणून तापमान दोन अंशांनी खाली आणा, पुन्हा लावा. म्हणून या कामात मुरलेली माणसं ऑर्डर टाकण्याआधी अर्धा दिवस ब्राउझरसमोर काढतात. तिथली हत्यारं फुकट मिळतात आणि कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चालतात, पण हात बसायला वेळ लागतोच.

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना 1983 साली सुचली आणि 1993 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पद्धतीत नक्कल करणारं एन्झाइम स्वतः काहीच ठरवत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडलेल्या जिवाणूचं हे टॅक पॉलिमरेज प्रायमर जिथे चिकटेल तिथून पुढे अक्षरं जोडत सुटतं. कोट्यवधी अक्षरांमधून नेमका कोणता तुकडा वाढवायचा, हे दोन टोकांना बसणाऱ्या दोन प्रायमरांवर ठरतं.

पूर्वी हे गणित कागदावर व्हायचं. ए आणि टी मोजा, प्रत्येकी 2 अंश. जी आणि सी मोजा, प्रत्येकी 4 अंश. बेरीज म्हणजे प्रायमर सुटण्याचं तापमान. कोविडसाठी अमेरिकेच्या सीडीसीने आखलेल्या एन-1 चाचणीतला पुढचा प्रायमर घ्या. अक्षरं 20, त्यांत ए-टी 11 आणि जी-सी 9. 22 अधिक 36, झाले 58 अंश. हिशोब सुटसुटीत, पण ढोबळ. पकड किती घट्ट, हे शेजारी कोणतं अक्षर बसलंय यावरही ठरतं. अशा शेजाऱ्यांचे प्रकार दहा होतात. त्यांच्या ऊर्जेच्या विखुरलेल्या मोजमापांचा मेळ घालून जॉन सांतालुचिया यांनी 1998 साली एकत्रित तक्ता दिला, आणि आज अनेक साधनांच्या पोटात तोच असतो. एका प्रायमरपुरती ही बेरीज हाताने करता येईल. पण एक हजार अक्षरांच्या पट्टीतून 18 ते 27 अक्षरांचे सगळे तुकडे काढले तर एका बाजूचेच दहा हजारांच्या जवळ उमेदवार होतात. जोड्या लावणं तर अजून पुढेच.

ती मोजदाद प्रायमर3 करतं. व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधल्या स्टीव्ह रोझेन आणि हेलन स्कालेत्स्की यांनी या प्रोग्रॅमवर 2000 साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच वर्ल्ड वाइड वेबचा उल्लेख आहे. प्रोग्रॅम इन्स्टॉल न करता, नुसता फॉर्म भरून कुठल्याही जीवशास्त्रज्ञाला तो वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. पुढे एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातल्या संशोधकांनीही त्यात भर घातली.

प्रायमर3 जोड्यांना दंड लावतं. आदर्श लांबी 20 अक्षरं, आदर्श तापमान 60 अंश. त्यापासून जेवढं ढळाल तेवढा दंड जास्त. सर्वांत कमी दंडाची जोडी यादीत पहिली. नवखा विद्यार्थी ती उचलतो आणि मोकळा होतो. पण पहिला नंबर म्हणजे रकान्यांतल्या आकड्यांपासून सर्वांत कमी ढळलेली जोडी, एवढंच. ती जीनोममध्ये आणखी दहा ठिकाणी चिकटेल की नाही, हे त्या दंडात एरवी धरलेलं नसतं. ही उणीव भरून काढायला अमेरिकेच्या एनसीबीआयने प्रायमर3 आणि डेटाबेसमध्ये जुळणारे क्रम शोधणारं ब्लास्ट यांची सांगड घातली. त्यातून झालेल्या प्रायमर-ब्लास्टवरचा लेख 2012 साली आला.

प्रायमर-ब्लास्टच्या पानावर खरी गंमत आहे ती आधीच भरून आलेल्या रकान्यांची. ‘ऑरगॅनिझम’ या रकान्यात ‘होमो सेपियन्स’ लिहिलेलं असतं. सोलापूरच्या बाजूला डाळिंबावर पडणाऱ्या तेल्यासाठी कुणी चाचणी तयार करतंय असं समजा. तेल्याचं मूळ झँथोमोनास हा जिवाणू. त्याच्या जनुकाचा क्रम टाकला, ऑरगॅनिझमकडे लक्ष गेलं नाही, बटण दाबलं, तर पान निमूटपणे सांगेल की जोडी अगदी नेमकी आहे. खरंच आहे, माणसाच्या डीएनएवर ती कुठेच चिकटत नाही. रोपवाटिकेला मात्र त्याचं काय करायचं? लिंबावर खैऱ्या आणणारा जिवाणू हा तेल्याच्या जिवाणूचा अगदी सख्खा नातेवाईक. प्रायमर फसायचे तर त्याच्यावरच फसणार. तेव्हा रकान्यात झँथोमोनास लिहायचं, निकालात खैऱ्याचा जिवाणू कुठे डोकावतो ते शोधायचं, आणि दोघांमधला फरक प्रायमरच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत पडेल अशी जागा निवडायची. टॅक तिथूनच पुढे जोडायला लागतं, त्यामुळे त्या टोकाला न जुळणारी अक्षरं त्याला सर्वांत जास्त अडवतात. सुरुवातीच्या टोकाला एखादं अक्षर चुकलं तर ते खुशाल पुढे जातं.

दुसरा फसवा रकाना डेटाबेसचा. जीएपीडीएच हे जनुक पेशींच्या आरएनएचं मोजमाप करताना तुलनेसाठी सर्रास घेतलं जातं. आरएनएसोबत थोडा जीनोमिक डीएनए आलाच तर तो वाढू नये, म्हणून ‘प्रायमर एक्सॉन-एक्सॉन जोडावर बसावा’ हा पर्याय निवडतात. मधला इंट्रॉन डीएनएत असतो, आरएनएत गाळला जातो. तेव्हा जोडावरचा प्रायमर डीएनएवर बसणारच नाही, असा हिशोब. पण मानवी जीनोममध्ये जीएपीडीएचची डझनावारी स्यूडोजीन्स, म्हणजे निकामी नकला, आहेत, आणि त्यांतली बहुतेक आरएनएचीच उलट नक्कल होऊन डीएनएत शिरलेली. त्यांच्यातून इंट्रॉन कधीच गेलेत, एक्सॉनचा जोड मात्र जसाच्या तसा आहे. प्रायमर तिथे आरामात बसतो. शोध फक्त एमआरएनएच्या डेटाबेसमध्ये घेतला तर ही स्यूडोजीन्स निकालात फिरकतही नाहीत. डेटाबेस बदलून जीनोमचा केला की तीच ‘नेमकी’ जोडी पाच-सात गुणसूत्रांवर उगवते. जाणकार हे आधी पाहून ठेवतो. शिवाय प्रयोगात रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूब लावतो; तिच्यातही बँड आला तर काय झालंय ते त्याला लगेच कळतं.

तापमानाच्या आकड्यांचंही तसंच. एकच प्रायमर दोन साइट्सवर टाकला तर दोन-चार अंशांचा फरक सहज निघतो आणि प्रयोगशाळेत वाद रंगतो. बहुतेक वेळा भांडण मिठाचं असतं. काही साधनांत मॅग्नेशियमचा रकाना मुळात शून्यावर असतो, तर पीसीआरच्या ट्यूबमध्ये मॅग्नेशियम 1.5 मिलिमोलर किंवा जास्तच असतं, त्याशिवाय टॅक चालतच नाही. मॅग्नेशियमने जोडीची पकड घट्ट होते, सुटण्याचं तापमान वर सरकतं. आपल्या बफरच्या बाटलीवरचे आकडे त्या रकान्यांत भरले की वाद बराचसा मिटतो. उरलेला ग्रेडियंट पीसीआर लावून मिटवायचा.

शिकवताना सांगितलेले नियम तरी किती कडक धरायचे? शेवटचं अक्षर जी किंवा सी असावं, असं प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. एन-1चा तो प्रायमर पाहिला तर त्याचं टोक जी-ए-ए-ए-टी असं सुटतं. परीक्षेत गुण कापले गेले असते. तरी त्याच्या मागच्या जोडीदारासह तो विषाणूचा 72 अक्षरांचा तुकडा व्यवस्थित वाढवतो, आणि त्यावर प्रचंड संख्येने चाचण्या झाल्या. विषाणूच्या त्या भागात हवी तशी जागा मिळणं, ती जवळच्या विषाणूंशी न जुळणं, मधे प्रोब बसायला वाव असणं, या सगळ्यांपुढे एका अक्षराचा नियम मागे पडतो.

जानेवारी 2020मध्ये तर कोविडच्या विषाणूचा क्रम हातात येण्याआधीच कामं सुरू झाली होती. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने सार्स आणि वटवाघळांमधले त्याचे भाईबंद यांच्या जुन्या क्रमांवरून उमेदवार आखून ठेवले, आणि नव्या विषाणूचा क्रम जाहीर होताच त्यांतले निवडले. त्यांचा लेख 23 जानेवारीला प्रसिद्धही झाला. आरडीआरपी जनुकावरच्या एका प्रायमरमध्ये एका जागी जी किंवा सी दोन्ही चालतील अशी सोय होती. नव्या विषाणूत नेमक्या त्या जागी ए-टीची जोडी निघाली. त्याच वर्षी झालेल्या तुलनात्मक अभ्यासात हा संच इतरांपेक्षा कमी संवेदनशील ठरला. घाईच्या दिवसांत जे क्रम उपलब्ध होते त्यांच्यावर जोडी बेतली होती. त्यांच्यापुरती ती बरोबर होती.

उलटही घडलं. तीन जनुकं तपासणाऱ्या एका प्रचलित किटमध्ये एस जनुकाची खूण अल्फा प्रकारात उमटेनाशी झाली, कारण तिथली सहा अक्षरं विषाणूतून गळाली होती. बाकी दोन खुणा येत असल्यामुळे निदान चुकलं नाही, आणि 2020च्या अखेरीस ब्रिटनमध्ये अल्फाचा फैलाव मोजायला हीच त्रुटी कामी आली. 2021च्या नोव्हेंबरात ओमिक्रॉनच्या बीए.1लाही तिनेच हुडकलं. मग बीए.2 आला. त्याच्यात ती सहा अक्षरं शाबूत होती, एसची खूण पुन्हा उमटू लागली आणि ओमिक्रॉन ओळखण्याचा हा सोपा मार्ग बंद झाला.

जीनबँक या क्रमांच्या डेटाबेसची नवी आवृत्ती दर दोन महिन्यांनी निघते. त्यामुळे रोगनिदानासाठी प्रायमर वापरणाऱ्यांना फ्रीजरमधल्या जुन्या जोड्या अधूनमधून पुन्हा ब्लास्टवर चढवाव्या लागतात. वहीत क्रमाशेजारी साधनाची आवृत्ती, निवडलेला डेटाबेस, ऑरगॅनिझम आणि तारीख लिहिलेली असेल तर हे काम तासाभरात होतं. लिहिलेली नसेल तर सगळे रकाने पुन्हा पहिल्यापासून भरायला बसावं लागतं.