गुलमर्गच्या हिमावर जुनी फळी

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हांत वाढलेल्या आम्हां मंडळींस बर्फ ठाऊक तो सरबतांतला! गेल्या माघांत आम्ही गुलमर्गास गेलों. स्की क्लब ऑफ इंडिया 1927 सालीं निघाला तो तेथेंच. भाड्याचा स्नोबोर्ड मिळाला तो जुन्या घडणीचा. नव्या फळीच्या कडा कमरेशीं अधिक आंत वळलेल्या असतात. ती कलवितांच लहान वर्तुळांत वळते. जुनीस रुंद उतार, वेग आणि स्वाराचा धीर हवा. मागचा पाय झटकला कीं फळी घसरते व बर्फावर रुंद पट्टा उमटतो. अंग कलवून कड रोवावी आणि वाट पाहावी, तरच ती बारीक रेघ ओढीत वळते. पोलादी कड बोथट असल्यास घट्ट बर्फावर तेंही साधत नाहीं. धार आधीं लावून घ्यावी. दौलताबादच्या रस्त्यावर सायकल हांकणाऱ्या आमच्या वहिनींस हें मर्म लौकर उमगलें. चौथ्या दिवशीं त्यांची रेघ अखंड उमटली. दादा अजून पट्टेच उमटवीत होते.