टाचणातला काजू

ज्यांच्या घरात प्राथमिक शिक्षक आहे त्यांना टाचण म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. उद्या वर्गात काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, कोणती साधने घेऊन, आणि मुलांना ते समजले की नाही हे कसे पाहायचे, याची आदल्या दिवशी वहीत करून ठेवलेली नोंद म्हणजे पाठाचे टाचण. माझी बायको सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही मिळून अकरा मुले. रात्रीची जेवणे आटोपली की ती टाचणाची वही उघडते आणि मी टीव्हीचा आवाज कमी करतो. असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता आहे.

अलीकडे त्या वहीत तीन नवे रकाने आले आहेत. सर्जनशीलता, जागतिक भान आणि उद्योजकता. एका प्रशिक्षणात तिला नमुना मिळाला. प्रत्येक पाठातून या तिन्ही गोष्टी कशा साधणार ते त्यात लिहायचे. मी सरकारी कचेरीत यूडीसी आहे, त्यामुळे रकाना या वस्तूशी माझी जुनी ओळख. रकाना कोरा राहिला तर फाईल परत येते, भरलेला असला तर पुढे सरकते, आणि आत काय भरले आहे ते बहुधा कोणी वाचत नाही. मग माणूस शहाणा होतो. सर्जनशीलता : चित्र काढणे. जागतिक भान : नकाशा दाखवणे. उद्योजकता : चर्चा. पाठ अपूर्णांकांचा असो की शिवाजी महाराजांचा, हे तीन शब्द सगळीकडे चालतात.

थट्टा बाजूला ठेवू. मुलाने स्वतःच्या डोक्याने काही नवे करावे, आपल्या गावाबाहेरच्या जगाशी आपला काय संबंध आहे ते त्याला कळावे, आणि चार पैसे कसे उभे राहतात हे समजावे, याला कोण नाही म्हणेल? प्रश्न हा की हे शाळेत होते कसे. जागतिक भानाच्या नावाखाली आपल्याकडे स्नेहसंमेलनात एक मुलगी किमोनो घालते आणि एक मुलगा टाय लावतो. उद्योजकतेसाठी आनंदमेळा भरतो. आईने पहाटे उठून केलेले बटाटेवडे मुलगा स्टॉलवर मांडतो आणि बाबा येऊन ते विकत घेतात. संध्याकाळी मुलगा सांगतो, दोनशे रुपये फायदा झाला. तेल कोणाचे, गॅस कोणाचा आणि आईची पहाट कोणाची, हे त्या हिशेबात कुठेच नसते. (वडे मात्र चांगले असतात.)

गंमत अशी की टाचण ही गोष्टसुद्धा परदेशातूनच आलेली आहे. योहान फ्रीडरिख हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. शिकवण्याच्या पायऱ्या ठरवून घ्याव्यात ही त्याची कल्पना. त्याच्या चार पायऱ्यांच्या त्सिलर आणि राईन या अनुयायांनी पाच केल्या आणि त्या जगभरच्या अध्यापक विद्यालयांत गेल्या. आमच्या डी.एड.वाल्यांची ‘हर्बार्टची पंचपदी’ ती हीच. या पायऱ्यांची मला स्वतःला फार आवडणारी बाजू म्हणजे पहिलीच पायरी. नवे सांगण्याआधी मुलाला आधीपासून काय माहीत आहे ते जागे करा, असे ती सांगते. पुढे टाचण भरता भरता या पायरीचे दोन ठराविक प्रश्न झाले, त्याला बिचारा हर्बार्ट काय करणार!

तर मार्च महिना होता. सत्तरीत मार्चमध्ये दुसरे काही नसते, काजू असतो. वाऱ्याबरोबर बोंडांचा वास वर्गात येतो, मुले सकाळी बिया गोळा करून मगच शाळेत येतात, आणि कधी कधी येतही नाहीत. बायकोने ठरवले की आठवडाभराचे टाचण काजूवरच काढायचे. भाषा, परिसर अभ्यास, गणित, सगळे त्यातूनच. आणि तिने आणखी एक गोष्ट केली. वहीचे डावे पान भरले आणि उजवे कोरे ठेवले. मी विचारले, हे काय? म्हणाली, मुले काय विचारतील ते आज रात्री मला कुठे माहीत आहे? फायलीत कोरे पान सोडायचे नसते हे माझे शिक्षण. पण मी गप्प राहिलो.

पहिल्या दिवशी मुलांसमोर एक बोंड ठेवले आणि प्रश्न टाकला की सगळ्या फळांची बी आत असते, मग काजूची बाहेर का? शास्त्रीय उत्तर तिने आधी दिलेच नाही. प्रत्येकाने आपापले उत्तर लिहायचे किंवा काढायचे. एकाने चित्रात बीला पाय काढले. एकीने लिहिले की बी थोरली बहीण आहे, ती आधी जन्मते आणि बोंड मागून वाढते, म्हणून ती बाहेर. आता गोष्ट अशी की हे जवळजवळ खरे आहे. काजूचे खरे फळ म्हणजे ती बीच. बोंड हा फुगलेला देठ असतो, आणि बी आधी धरून बोंड मागाहून फुगते. त्या मुलीने हे पुस्तकात वाचले नव्हते, घराच्या परसात पाहिले होते. ज्याच्या वडिलांची भाटी आहे त्या मुलाने लिहिले की बोंडाच्या रसाचा वास सहन झाला नाही म्हणून बी बाहेर पळाली. फेणीचा उल्लेख चौथीच्या टाचणात कसा करावा ही बायकोची अडचण त्याने परस्पर सोडवली. कोळंबीत बोंडे कशी मळतात, निरो कधी काढतात, हुर्राक आणि फेणी यांत फरक काय, हे सगळे मुलांनीच टीचरला शिकवले. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले एवढीच भर तिने घातली.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीचा गोल आणला. काजू कुठला? अकरा मुलांनी एका आवाजात सांगितले, आमचा. मग तिने बोट फिरवत फिरवत ब्राझीलवर नेले. ईशान्य ब्राझीलमधले हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणले. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी ‘काजू’ म्हणून उचलला आणि आपण पोर्तुगीजांकडून. अननस तसाच, बटाटा तसाच, आणि मिरचीसुद्धा त्याच खंडातली. खोल्याच्या मिरचीला आज आपण मानांकन मिळवून दिले आहे, आणि ते योग्यच आहे, पण तिची पणजी अमेरिका खंडातली. वर्गात शांतता पसरली म्हणे. मग एकाने विचारले, ‘टीचर, आमच्याकडचे काय तिकडे गेले?’ हा प्रश्न उजव्या पानावर गेला. आंबा आणि नारळ त्याच पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने ब्राझीलला पोचले, हे बायकोने रात्री शोधून काढले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले. माझ्या मते जागतिक भान ते हेच. जग म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी घर आणि आपण पाहुणे, असे आपल्या मुलांना वाटत असते. जग आपल्या परसात चारशे वर्षे उभे आहे आणि आपण त्याची बोंडे वेचतो आहोत, हे कळले की किमोनोची गरज राहत नाही.

खरी मजा गणिताच्या तासाला आली. गावात बिया विकत घेणाऱ्याचा भाव काय, हे मुलांना ठाऊकच होते. एकाचा मामा म्हापशाला असतो, त्याच्याकडून दुकानातल्या गराचा भाव फोनवर मागवला. चार किलो सुक्या बिया फोडल्या की साधारण एक किलो गर निघतो, हे प्रमाण टीचरने दिले. मग गुणाकार, वजाबाकी. चार किलो बियांचे पैसे आणि एक किलो गराचे पैसे यांतला फरक फळ्यावर मांडला, आणि तिने विचारले की हे मधले पैसे कोणाला मिळतात? मुले आधी म्हणाली, दुकानदाराला. मग एकेक आठवत गेले. बिया वाळवायच्या, वाफवायच्या, फोडायच्या, साल काढायची, निवडायच्या, पाकिटात भरायच्या. लाकूड, वीज, टेम्पो, दुकानाचे भाडे. गरांची प्रतवारी करतात तिचे आकडेही त्यांनी रिकाम्या पाकिटावर वाचले. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०. ३२० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त तेवढे पांढरे अख्खे गर. किलो शिकलेल्या मुलांना पौंड समजावण्यात पाऊण तास गेला. पण इथला काजू आजही इंग्रजांच्या वजनाने मोजला जातो, कारण माल परदेशी जायचा, हे त्यातून आपोआप निघाले. आज कच्च्या बिया सर्वांत जास्त आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये पिकतात, गर सर्वांत जास्त व्हिएतनाम निर्यात करतो, आणि भारतातले कारखानेसुद्धा आफ्रिकेतून बिया मागवतात. गोव्याच्या दुकानातल्या पाकिटात कुठला काजू आहे, हा प्रश्न म्हणूनच पडतो.

मधल्या पैशांची ही यादी जवळजवळ पुरी झाली तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, आज्जीच्या हातांचे पैसे कुठे लिहायचे?’ तिची आजी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलात जे तेल असते ते फार दाहक. हाताला लागले की कातडी काळी पडते, सोलवटते. बायका हाताला राख, तेल लावून बसतात, तरी पुरते वाचत नाही. मजुरी यादीत आली होती, पण हात आले नव्हते. बायकोने फळ्यावर एक ओळ वाढवली, ‘हात’, आणि पुढे किंमत कोरी ठेवली. मुलांनी आपापसात वाद घातला. हातमोज्यांचा खर्च धरावा, औषधाचा धरावा, की गराचा भाव वाढवावा? भाव वाढवला तर गिऱ्हाईक व्हिएतनामचा घेईल, हेही एकाने सांगितले. एमबीएच्या वर्गात याहून वेगळे काय बोलत असतील मला माहीत नाही.

इतके सगळे गोड झाल्यावर एक पालक शाळेत आले. भाटीवाल्या मुलाचे वडील. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला. म्हणाले, ‘मुलाला आम्ही शाळेत पाठवतो तो भाटीवरून सुटावा म्हणून. आणि तुम्ही इथेही त्याला काजूच शिकवता? वाळपईच्या इंग्लिश शाळेत काय शिकवतात ते बघा.’

या माणसाचे चुकले असे मला म्हणता येत नाही. हा आक्षेप फार जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली आणि नई तालीम मांडली. हाताने करण्याच्या उद्योगातून सगळे विषय शिकवायचे. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रमही आखून दिला. पुढे ती का फिकी पडली याची कारणे बरीच आहेत, पण एक मोठे कारण हे की साहेबाच्या मुलाला इंग्रजी आणि कष्टकऱ्याच्या मुलाला टकळी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकायचे. कल्पना चांगलीच आहे. पण ज्याच्या घरात सुतारकाम चालते त्या मुलाला सुताराकडे पाठवून काय मिळणार, हे ज्याने त्याने आपल्या वर्गापुरते ठरवावे लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पाने घेऊन शिकवले, कुरणात जाऊन शाळा भरवली. त्या मुलांनी शिंपलेच वेचत राहावे असे काही त्यांना वाटत नव्हते. शिंपल्यापासून निघायचे होते, शिंपल्यापाशी थांबायचे नव्हते.

बायकोने त्या वडिलांना फळ्यावरचा हिशेब दाखवला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, ‘हात’ या ओळीपाशी थोडे थांबले आणि काही न बोलता निघून गेले. आठवड्याने मुलगा शाळेत सांगत होता की बाबांनी काजूच्या पावणीचे आणि बिया विकल्याच्या चिठ्ठ्यांचे कागद त्याच्यापुढे टाकले आणि म्हणाले, बघ यात कुठे फसवले आहे का. दोन संध्याकाळी बसून त्याने सगळे तपासले. हिशेब बरोबर निघाला. वडील थोडे निराशच झाले म्हणे.

मुलाला ते इंग्लिश शाळेत घालणार की नाही, ते अजून ठरलेले नाही. तो गेला तर वर्गात दहा राहतात, आणि आमच्या भागात पट उतरला की शाळेचे काय होते हे वाचकांना सांगायला नको. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव उघडलेल्या मराठी शाळांपैकी किती बंद पडल्या, यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

यंदा जत्रेच्या दिवसांत खाज्यांवर टाचण काढायचे तिच्या मनात आहे. बेसन, गूळ, आले आणि तीळ, यांतले किती आपल्या तालुक्यात पिकते हा पहिला प्रश्न तिने डाव्या पानावर लिहून ठेवला आहे. उजवे पान कोरे आहे.