उजेड किती, वारा किती : ठाणे ते कल्याण

ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून या पट्ट्यात माणसे येतच आहेत. कुणी गिरणीत लागला, कुणी वागळे इस्टेटीत, कुणी रेल्वेत. ज्याला मुंबईत खोली परवडली नाही त्याने कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण असे जिथे जमेल तिथे बिऱ्हाड मांडले. प्रवासवर्णन म्हटले की लेणी, किल्ले, समुद्रकिनारे यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र या खेपेस ठाण्यापासून कल्याणपर्यंत फक्त घरे पाहत फिरलो. घरात उजेड किती, वारा किती, माणसाला घटकाभर एकटे बसायला जागा किती, आणि या सगळ्याचा मनावर काय परिणाम होतो, एवढेच पाहायचे होते.

सुरुवात ठाण्याच्या मनोरुग्णालयापासून केली. हे रुग्णालय १९०१ सालचे. आतल्या व्यवस्थेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो वेगळा विषय. आम्हाला नवल वाटले ते जागेचे. मोठे आवार, जुनी झाडे, एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या बैठ्या इमारती. मन बिघडलेल्या माणसाला मोकळी जागा आणि झाडे लागतात, हे सव्वाशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना ठाऊक होते. पण ज्यांचे मन अजून बिघडलेले नाही त्यांच्यासाठी घरे बांधताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात कशी राहत नाही? ठाणे व मुलुंड यांच्यामध्ये जे नवे स्थानक व्हायचे आहे, तेही याच आवाराच्या एका भागावर.

तिथून किसननगरच्या गल्ल्यांत शिरलो. भर दुपारी बारा वाजता घराघरांत ट्यूबलाइट लागलेली. एका मावशींनी आम्हाला आत बोलावून पाणी दिले आणि हसत म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं दिवस-रात्र बटणावर असते बघा.’’ समोरच्या इमारतीची खिडकी इतकी जवळ की साखरेची वाटी हाताने देता-घेता यावी. शेजारधर्माला ही सोय उत्तमच. पण नवरा-बायकोचे दोन शब्दही त्याच खिडकीतून पलीकडे जातात. मावशींची सून आम्ही असेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

उजेडाचा हिशेब आपल्याकडे कुणी केलाच नव्हता असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. खिडकीच्या तळाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर नजरेचा कोन याहून मोठा होऊ नये, म्हणजे खोलीत आकाशाचा उजेड येतो. सोप्या भाषेत, समोरची भिंत जेवढी उंच त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. चाळीस फूट उंच इमारत असेल तर वीस फूट. किसननगरच्या त्या गल्लीत आम्ही पावलांनी अंतर मोजले. दोन पावलांत संपले.

याच ट्रस्टच्या परळच्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. त्याआधी, विद्यार्थीदशेत, तर सारे कुटुंब एकाच खोलीत होते. रात्री दोनपर्यंत वडील रामजी जागे राहत, मग मुलाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. ही हकीगत आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती जागेच्या टंचाईचीही आहे. एका खोलीत झोप आणि अभ्यास पाळीपाळीने करावे लागत होते. त्यामुळेच पुढे दादरला राजगृह बांधताना बाबासाहेबांनी वरचा मजला ग्रंथांना दिला, यात आम्हाला तरी नुसती पुस्तकांची हौस दिसत नाही. डोक्याला स्वतःची खोली लागते, हे ज्याने भोगले त्यालाच कळते.

आज त्या पाळीची जागा पोटमाळ्याने घेतली आहे. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीकडे एका बैठ्या चाळीत बारावीचा मुलगा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर अभ्यास करत होता. सरळ बसले तर डोके पत्र्याला लागे, एप्रिलचे ऊन, वर टेबलफॅन. आई म्हणाली, ‘‘चिडका झालाय हो अलीकडं.’’ आम्ही पाच मिनिटे वर बसून पाहिले. पाच मिनिटांत आम्हीही चिडलो! सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचे आतले घड्याळ लागते आणि रात्री वेळेवर झोप येते. अंधाऱ्या, तापलेल्या खोलीत हे घड्याळच बिघडते. मग झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, आणि दोष मात्र पोराच्या स्वभावाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दाटीवाटी आणि घरातली उष्णता हे दोन्ही मुद्दे आहेत.

खिडकीतून काय दिसते यालाही किंमत आहे. रॉजर उलरिक या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधे कमी लागली. कल्याणच्या रेल्वे कॉलनीतून फिरताना आम्हाला याची आठवण झाली. घरे जुनी, कुठे कुठे गळकी. पण दारात झाड, झाडाखाली बाज, बाजेवर म्हातारा. शेजारून गाड्या धडधडत होत्या आणि म्हातारा घोरत होता.

वाचकहो, यावरून चाळ वाईट आणि उंच ब्लॉक चांगला असे कृपया समजू नका. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर आमच्या परिचयाच्या एक आजी आहेत. वारा भरपूर, उजेड भरपूर, खिडकीतून येऊरचे डोंगर. पण दार बंद. पूर्वी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता साऱ्या चाळीची खबर कळायची. आता लिफ्टचे बटण त्यांना कळत नाही म्हणून त्या खाली उतरतच नाहीत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. आता ठाण्यातही क्लस्टर योजनेत असेच मजले चढतील. तेव्हा नकाशा पाहताना चौरस फुटांबरोबर हेही विचारावे, की म्हाताऱ्यांनी चार जणांत बसायचे कुठे? प्रत्येक मजल्यावर रुंद व्हरांडा ठेवला तर बिल्डरचे फार काही जात नाही.

स्वयंपाकघराविषयी पुरुषमंडळी विचारतच नाहीत. डोंबिवलीत पाहिलेल्या सातापैकी पाच ब्लॉकांत सर्वांत अंधारी, कोंदट जागा तीच होती. दमट-उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या किमान एक षष्ठांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. ज्या घरात बाई दिवसाचे सहा तास धुरा-वाफेत उभी राहते, तिथे संध्याकाळी भांडण झाले तर कारण शोधायला लांब जायला नको.

आणि सगळ्यांत मोठा बोजा भीतीचा. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. काही कुटुंबे आधीच राहायला आली होती. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला चौथ्या मजल्याचा स्लॅब पडून सहा जण गेले. डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. कागद खोटे निघाले, हप्ते मात्र खरे. अशा घरात कितीही खिडक्या असल्या तरी पावसाच्या पहिल्या सरीला झोप उडतेच.

तेव्हा ब्लॉक पाहायला जाल तेव्हा महापालिकेची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेतच जाऊन पडताळा, एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर राहू नका. घरात शिरल्यावर आधी सगळे दिवे बंद करायला सांगा. बाई बरोबर असेल तर तिला स्वयंपाकघरात दहा मिनिटे एकटी उभी राहू द्या, आणि सासूबाईंना जिना चढायला लावा.